अडतीस पांढरे पट्टे

२६ एप्रिल

काहून नखानं साल खरवडून पाहिली नाही मी? दोन मिनिटांचं काम! धमतरीकडच्या जंगलात सरईची, म्हणजे सालवृक्षाची, अडतीस झाडं बिनपानाची दिसली आणि मी सरळ 'मेलेली' लिहून चुन्याचे पट्टे मारून आली. दोन वर्षं पाऊस दगा देऊन राहिला, वरून हे ऊन — कोणालाही तसंच वाटलं असतं. पण मी 'कोणीही' नाही ना! झाडं मोजायचाच पगार घेते.

आज तिथली चौकीदार मीराबाई, तिचा फोन आला. पट्ट्याच्या एका झाडाला कोंब फुटला म्हणे. पाणी नसलं की सरई पानं टाकून गप्प बसते, हे तिनं मले तेव्हाच सांगितलं होतं. मी हसली होती.

२७ एप्रिल

यादी वर गेली. पाच तारखेपासून कटाई.

२८ एप्रिल

साहेबांकडे तीनदा गेली. श्यामराव साहेब माणूस वाईट नाही, पण सही झालेल्या कागदापुढे त्यांचा जीव घाबरतो. शेवटी म्हणाले, "'चूक माझी' असं तू लिहून दे. नोकरीवर येईल, पाहून घे."

घरी आईनं भाजी कशी झाली विचारलं. कशाची होती तेच आठवेना!

२९ एप्रिल

तेलीबांध्याच्या तलावाला दोन चकरा मारल्या. जीव लागून नाही राहिला कुठंच. चव्वेचाळीस डिग्री.

३० एप्रिल

दिलं लिहून.

२ मे

कटाई थांबली! मीराबाईसोबत एकेक झाड खरवडून पाहिलं — सालीखाली हिरवं, ओलं लागलं तर जिवंत. अडतिसांतली एकतीस जिवंत! ओल्या फडक्यानं पट्टे पुसता पुसता रडू आलं मले. मीराबाई नुसती हसली. आता तिची पाळी.

३ मे

निघताना मीराबाईनं हात धरून थांबवलं. एका गच्च पानांच्या सरईपाशी नेलं. पट्टा नव्हता. माझ्या यादीत 'उत्तम' लिहिलेलं झाड, अशी दोनशे बारा.

"हिरव्याले काहून नाही पाहत, दीदी?"

यानं पाणी वाचवायला पानं टाकलीच नव्हती. खरवडलं. आत कोरडं, तपकिरी. शेजारचंही. त्याच्या शेजारचंही.