डब्यावरचं नाव

प्रिय सुवार्ता,

तुझं केनियाहून आलेलं पत्र पाळकसाहेबांनी रविवारी उपासनेत वाचलं. तुमची अंगणातली प्रार्थना, मुलांची स्वाहिली गाणी यांचं वर्णन ऐकून बायका डोळे पुसत होत्या. मी मात्र जळत होते, खोटं कशाला सांगू?

"आईच्या हातच्या शेंगाचटणीसाठी देवाचे आभार," असंही लिहिलंयस की! अगं, आईचे हात थरथरतात. दोन वर्षं चटणी मीच कुटते, डबा भरून तुला पाठवते.

तुला कसं कळणार म्हणा? डब्यावर 'आईकडून' असं मीच लिहीत आले. आज मुद्दाम स्वतःचं नाव लिहिलं. तेवढ्यात आईनं विचारलं, "माझं नाव घातलंस न्हवं?"

"व्हय," म्हटलं आणि डब्यावरची चिठ्ठी बदलली. हे पत्रही डब्यात घालत नाही.

तुझी ताई,
शालिनी