राजा नसलेली नोट

दादा,

मोतीबिंदू काढल्यावर सगळ्यात आधी आपण दोघांनी जमवलेल्या नोटांचा अल्बम उघडला. पहिल्या पानावर स्वतंत्र सरकारच्या खजिन्याची पहिली नोट, बाबांच्या पगारातली, कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं. ती घाईघाईत जुन्या राजाचं जलचिन्ह असलेल्याच कागदावर छापलेली, म्हणून उजेडाकडे धरली की त्याचं तोंड दिसायचं. लहानपणी आपण त्याला वाकुल्या दाखवायचो.

काल खिडकीपाशी धरली, तर राजा गायब.

जुन्या नोटांच्या व्यापाऱ्याकडे गेले. तो ओशाळला. "ताई, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. खरी तुमच्या भावाने मलाच विकली. ही नक्कलही त्यांनीच करून घेतली."

विकलीस ते एक वेळ चाललं असतं. मागितली असतीस तर दिलीच असती. पण तू त्याला काय बजावलंस, तेही तो बोलून गेला. "भोकं जागच्या जागी हवीत. तिला नीट दिसत नाही, ती चाचपून बघते."

माझ्या बोटांची सवय एवढी नेमकी ठाऊक असलेला तू एकटाच.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी येशील तेव्हा चहा ठेवीन, अल्बम तुझ्या हातात देईन आणि म्हणेन, दादा, डोळे मिटून बघ, काही फरक कळतो का.

तुझी धाकटी