चौथ्या कडव्याचं काय करायचं

ती. आत्यास,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. माझं आयुष्य गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारी सव्वाचार वाजता, दवाखान्याच्या तिसऱ्या पायरीवर बदललं. पण ते नंतर. आधी तुझे गुडघे कसे आहेत, मांजरीला पिल्लं झाली का, आणि बाबा अजून माझं नाव न घेता 'तो' असंच म्हणतात का, ते कळव. माझी तब्येत उत्तम आहे, एक बोट सोडून. खरं म्हणजे ते बोटही उत्तम आहे, आणि सगळी भानगड तिथेच आहे.

तुला ठाऊकच आहे की कॉलेज अर्ध्यावर सोडून (प्राचार्यांना तोंडावर खरं बोललो, दुसरं काही केलं नाही) मी इथे एका सुतारकाकांच्या कारखान्यावरची खोली घेतली. पत्रात तुला लिहिलं होतं की खोली हवेशीर आहे. खोली मुळीच हवेशीर नाही. खाली दिवसभर रंधा चालतो आणि माझ्या चहावर भुसा तरंगतो. पण सुतारकाकांना एक मुलगी आहे, ती समोरच्या दवाखान्यात नर्स आहे, आणि सकाळी आठ वाजता ती जिन्याखालून जाते तेव्हा हवा येते. सुतारकाकांच्या भिंतीवर एक बॅन्जोही आहे. डफाला लांब मान फुटावी तसलं पाच तारांचं वाद्य. रविवारी प्रार्थनेच्या सभागृहात ते त्यावर एक गीत वाजवतात आणि मुलगी गाते. मी दुसऱ्याच दिवशी शिकवणी धरली.

आता माझा स्वभाव तुझ्याच शब्दांत काडेपेटीचा. दुसऱ्या शिकवणीला मी मुलगीच मागितली. काकांनी रंधा थांबवला नाही. फळीवर बोलल्यासारखं म्हणाले, "चार कडव्यांचं गीत आहे. मंडळींसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजव, मधे न उठता. मग तिला विचार. ती काय म्हणेल ते तिचं." न उठता! आत्या, मला तर जेवणाच्या पानावरूनही दोनदा उठायची सवय. त्यात गीत कसलं, तर देवाकडे धीर मागणारं. रोज तिसऱ्या कडव्याला बोटं अडायची आणि मी धीर मागता मागता बॅन्जो खाटेवर आपटायचो (गादीवर, लाकडावर नाही. प्रेमात आहे, वेडा नाही).

यात आणखी एक मेख होती. काका तारा चारचौघांसारख्या लावत नाहीत. दोन खुंट्या वेगळ्याच पिळतात, सूर वेगळेच बसतात, आणि मग डाव्या हाताची तीनच बोटं फिरवून अख्खं गीत निघतं. या लावणीला ते 'वखारीची जुळणी' म्हणतात. मला तीन बोटं पुरत होती, पण चौथं, करंगळीशेजारचं, गप्प बसेना. नको त्या तारेवर जाऊन पडायचं, मोठ्यांच्या गप्पांत नाक खुपसणाऱ्या पोरासारखं. मी गुरूच्या हाताकडे पाहिलं. गुरूंचं ते बोट जागेवरच नाही, तीस वर्षांपूर्वी वखारीतल्या करवतीने नेलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सरस वाळेपर्यंत लाकूड बांधून ठेवायची चिकटपट्टी मी घेतली आणि माझं बोट तळहाताशी घट्ट बांधून टाकलं. विद्या कशी गुरूकडून जशीच्या तशी घ्यावी.

दोन तासांत बोट जांभळं झालं. घाबरून दवाखान्याकडे निघालो, तर तिसऱ्या पायरीवर ती. "अगं बाई, काय लागलं?" असं म्हणून तिने माझा हात हातात घेतला. आणि मी, ज्याने प्राचार्यांना भर वर्गात खरं सुनावलं तो मी, म्हणालो, "करवत." दुखतं का विचारलं तर "सहन करतोय" असंही म्हणालो. तिने चिकटपट्टी अलगद सोडवली, मलम लावलं, पांढरीशुभ्र पट्टी बांधली, आणि उद्या बदलायला ये म्हणाली. उद्या गेलो. परवा गेलो. पाच आठवडे गेलो, आत्या! एवढी हजेरी कॉलेजात लावली असती तर बाबांनी माझं नाव घेतलं असतं.

करवतीची गोष्ट गावभर झाली. मागच्या रविवारी तर माझ्या बोटासाठी सगळ्या मंडळींनी उभं राहून प्रार्थना केली. मी पण उभा राहिलो. कुठे तोंड लपवणार?

आणि आज रविवार, सकाळी सभागृहात माझी परीक्षा होती. पहिलं कडवं झकास. दुसऱ्यात तिचा आवाज माझ्या तारांवर असा येऊन बसला की मला दिसायचंच बंद झालं. तिसऱ्यात समोर बसलेले निवृत्त पोस्टमास्तर गुडघ्यावर ठेका धरायला लागले. तो ठेका नव्हता, पाकिटांवर शिक्के मारणं होतं ते. माझं डोकं तापलं, हात पळाला, धीराचं गीत घोड्यावर बसलं. बॅन्जोच्या मानेवर मधेच एक खुंटी बाहेर आलेली असते, तिच्यात माझ्या पट्टीचं टोक अडकलं. हात खाली गेला की एक वेढा सुटे, वर आला की दुसरा. कडवं संपायच्या आत पट्टी माझ्या मांडीवर आणि बोट सगळ्यांसमोर. गुलाबी, गुबगुबीत, न्हायलेल्या बाळासारखं.

पहिल्या रांगेतल्या आजीबाई हात जोडून उठल्या आणि ओरडल्या, "बरं झालं गं बाई! आठवड्यात बरं झालं!" मंडळी डोळे पुसायला लागली. मी गप्प बसलो असतो तर आज माझ्या नावावर एक चमत्कार जमा होता, आणि गीतही पूर्ण झालं असतं. पण आजीबाई खरोखरच रडत होत्या. माझ्याने बसवेना. मी उठलो आणि ओरडलो, "काही झालंच नव्हतं! मीच बांधलं होतं!"

"का रे?" काकांनी विचारलं.

"तुम्हाला नाही म्हणून."

काकांनी आधी आपला हात पाहिला, मग माझा. "अरे गाढवा, मला ते बोट असतं तर ही जुळणी शोधायची यातायात मी कशाला केली असती?"

मग जे हसू फुटलं ते पोस्टमास्तरांच्या ठेक्यातही बसलं नसतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती, पट्टी गुंडाळत होती. म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं. जखम मला ओळखता येते, तेच माझं काम आहे." मी म्हटलं, मग रोज का बांधलीस? तर म्हणे, "आणि तू रोज का आलास?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण काका मधे बोलले. "तू उठलास. तिसऱ्या कडव्यात. खोटं टिकवायला बसून राहिला नाहीस, ते मी बघितलं. पण शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी पाचला घरी ये. पहिल्यापासून. सगळी बोटं घेऊन."

तेव्हा एकंदर कुशल आहे. काळजी नसावी.

तुझा,
काडेपेटी

ता. क. बाबांना यातलं अर्धंच सांग. कुठलं अर्धं, ते तूच ठरव, तुला त्यांचा जास्त अनुभव आहे.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे की येत्या शनिवारी तू इकडे ये. आमच्या घरातलं मोठं माणूस बोलायला येतंय, असं मी काकांना सांगून बसलोय. तिने 'हो' म्हटलेलं नाही, मी अजून विचारलेलंही नाही, पण तुला गाडीत जागा मिळायला वेळ लागतो. येताना ती निळी साडी नेस. मी भांडून कॉलेज सोडलं ती गोष्ट काढू नकोस.

ता. क. तिसरा, आणि हे कुणालाही सांगू नकोस. चौथं कडवं मला येत नाही. सहा आठवड्यांत रोज तिसऱ्यातच भडका उडायचा, त्यामुळे पुढे काय आहे ते मी कधी वाजवलंच नाही. शिवाय सुटं झालेलं बोट पुन्हा सगळ्या तारांत लुडबुडतंय. हे मी मघाशी जिन्यात तिला सांगून टाकलं (सांगायची सवय आजच लागलीय). ती म्हणाली, "चुकलास तरी चालेल, उठू नकोस. तू सापडेपर्यंत मी तीच ओळ गात राहीन." आत्या, कुणी माझ्यासाठी थांबून राहील असं मला आजवर कुणीच म्हटलेलं नाही. पाचला पाच कमी आहेत. उभ्यानेच लिहितोय, बॅन्जो खांद्याला आहे, पाकीट कोपऱ्यावरच्या पेटीत टाकतो. चप्पल घातली, दार ओढून घेतो. निघालो.