पाच वाजताची खिडकी

२ डिसेंबर, सकाळ
प्रबंधाची डेडलाइन ३१ जानेवारी, संध्याकाळी पाच. गावातल्या कॅम्पसच्या कार्यालयाची खिडकी. हातात साठ दिवस. पानं साठ. रोज एक पान. गणित इतकं सोपं की हसू आलं. मागच्या वर्षी सर्दीमुळे राहिलं. यंदा तब्येत ठणठणीत. आत्ता सुरुवात.

२ डिसेंबर, दुपार
अर्ध्या आठवड्यात सुरुवात करणं अशास्त्रीय. सोमवारपासून.

११ डिसेंबर
हियामा सर म्हणाले, कुझुमी, मोजणं पुरे, आता लिही. सरांना डेटाची गोडी नाही. डोंगरावरचा आमचा इंजिनिअरिंगचा कॅम्पस आणि गावातला कॅम्पस यांमधल्या बसचा वक्तशीरपणा, हा माझा विषय. दोनशे चौदा फेऱ्या स्टॉपवॉच लावून मोजल्यात. दुपारी चार वीसची बस सरासरी तीन मिनिटं उशिरा सुटते. अख्ख्या विद्यापीठात हे एकट्या मला ठाऊक आहे.

१४ डिसेंबर
लिहायला बसलो. थंडी फार. कोतात्सूचं, म्हणजे बुटक्या टेबलाखालचं हीटर लावलं, टेबलावरच्या रजईत पाय घातले. आईने संत्र्यांची पेटी पाठवलीय. अकरा खाल्ली. डोळा कधी लागला कळलं नाही. शीर्षक मात्र पक्कं केलं.

२९ डिसेंबर
वर्षअखेरची साफसफाई. पसाऱ्यात विचार सुचत नाहीत. खिडक्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने घासल्या. अशी खोली पाहिली की लिहावंसंच वाटतं. उद्या आईबाबांकडे जातोय, त्यामुळे आज नाही.

३ जानेवारी
घरी सगळ्यांना सांगितलं, एप्रिलपासून नागोयात नोकरी. कंपनीचं पत्र दाखवलं. पदवी मिळाली तरच, अशी एक ओळ त्यात आहे, ती औपचारिक असते. काका म्हणाले, यंदा तरी जमव रे बाबा. बाबांनी माझ्यासाठी नवा सूट शिवून घेतलाय. घालून दाखवला. आईने बाही तेवढी सरळ केली.

१६ जानेवारी
लॅबमधली मिहारा मला एका वर्षाने ज्युनिअर. तिचा प्रबंध छापून, बांधून तयार. म्हणाली, सेंपाई, तुमचा किती झाला? म्हटलं, डोक्यात पूर्ण आहे. म्हणाली, मग डोकंच बांधायला द्या. हल्लीच्या मुलांना सीनिअरशी बोलायचं कसं ते कळत नाही.

२४ जानेवारी
मिहाराने प्रबंध खिडकीत देऊन पोचही आणली. एक आठवडा आधी! आत्मविश्वास नसला की माणसं अशी घाई करतात. माझी नऊ पानं झालीत. रोज एकऐवजी सात. काही फार नाही.

३० जानेवारी
झाली! अठ्ठावन्न पानं! आलेख मोठे केले, समासही. सरांनी मान्यतेच्या पानावर शिक्का मारला, मारताना सुस्कारा टाकला. उद्या फक्त छापायचं. वाचताना मिहाराने विचारलं, या सगळ्या फेऱ्या लेक्चरच्या दिवसांतल्याच आहेत का? म्हटलं, अर्थात. रिकामी बस कोण मोजतं?

३१ जानेवारी, दुपारी ३.५०
छापून, काळ्या फोल्डरमध्ये बांधून तयार. स्टॉप चार मिनिटांवर. चार वीसची बस म्हणजे चार तेवीस. अर्धा तास आधी स्टॉपवर पोचणारे लोक आकडेवारी वाचत नाहीत. कॉफी घेतो. चार अठराला निघेन.

३१ जानेवारी, संध्याकाळी ६.१०
बस चार वीसला सुटली. बरोब्बर.

मी चार बावीसला पोचलो, तेव्हा ती वळणावर दिसत होती. परीक्षा सुरू झाल्यात. लेक्चर सुटून धावत येणारी पोरं नाहीत, मग ड्रायव्हर तीन मिनिटं थांबणार कुणासाठी? पुढची बस चार पन्नासला. टॅक्सीवाले फोनवर म्हणाले, डोंगरावर यायला अर्धा तास. मिहाराची सायकल मागून घेतली. उतारावर ब्रेक लावलाच नाही. आयुष्यात इतका जोरात कधी गेलो नव्हतो आणि प्रत्येक सिग्नलला वाटत होतं, पोचणार.

पाच वाजून दोन मिनिटं. शटर अर्धं खाली. मी फोल्डर पुढे केला, आज फेऱ्यांचा हिशोब चुकला हेही सांगितलं. बाई म्हणाल्या, फार वाईट वाटतं, पण पाच वाजले. मी कमरेत वाकलो. त्या माझ्याहून खाली वाकल्या. तेव्हा समजलं, संपलं.

तिथेच बाकावर बसलो. रडलो. थोडंच.

१ फेब्रुवारी, सकाळ
नागोयाला फोन केला. त्यांनी माझे आभार मानले, प्रकृतीला जपा म्हणाले, ठेवला. सरांना सांगितलं. ते म्हणाले, ती फेरी डेटामध्ये घाल.

आता एक वर्ष मिळालंय. तीनशे पासष्ट दिवस. या वेळी नीट नियोजन.

१ फेब्रुवारी, दुपार
आईला कसं सांगायचं याची वाक्यं कागदावर लिहून काढली. ती हादरेल, बाबा फोन हिसकावून घेतील, वगैरे सगळं धरून. मग फोन लावला.

पहिलं वाक्य अर्धंच झालं होतं. ती म्हणाली, जेवलास का? म्हटलं, नाही. म्हणाली, आधी जेव. मग म्हणाली, खोलीचा करार मार्चअखेर संपतोय, पण तू काळजी करू नकोस, घरमालकीणबाईंशी बोलून मी तो डिसेंबरातच वर्षभर वाढवून घेतलाय. तेव्हा सामान बांधलं असशील तर सोड.

मी बांधलं नव्हतं.