छत्री शिकवणाऱ्या मंडळाची खोली

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
नगर परिषद कार्यालय.

विषय : महिला मतदार शिक्षण मंडळाची खोली काढून न घेण्याबाबत.
संदर्भ : मंडळाच्या कामाचा परिणाम दिसत नसल्याने खोली रिकामी करावी, अशी आपली नोटीस.

महोदय,

नोटीस पोचली. आपण मंडळाचा इतिहास आणि परिणामाचा पुरावा मागितला आहे. तो सादर करते.

१. मंडळ माझ्या थोरल्या जाऊबाईंनी काढले. मत देऊन आलेल्या शेजारणीला त्यांनी विचारले, काय विचार करून दिलंस? ती म्हणाली, "विचार कसला? ह्यांनी सांगितलं तिथे दाबलं." पुढे आपल्या कार्यालयाने आम्हांला जिन्याखालची खोली दिली. तिला एक खिडकी असून ती उघडत नाही. तक्रार नाही.

२. सरावासाठी जाऊबाईंनी पुठ्ठ्याचे मतदान यंत्र केले व त्यावर खुर्ची, कंगवा, किटली आणि छत्री काढली. त्यांना चित्रकलेचे अंग नव्हते. खुर्ची शेळीसारखी दिसे. किटलीबद्दल न बोललेले बरे. छत्री तेवढी छत्री वाटे. त्यामुळे बायका छत्रीच दाबत आणि आम्ही शाब्बास म्हणत असू. आधी सासवा शिकल्या, मग त्यांच्या सुना.

३. गेल्या निवडणुकीत एका अपक्ष उमेदवारास छत्री हे चिन्ह मिळाले. सदर गृहस्थांना त्यांच्या गल्लीतले कुत्रेही ओळखत नव्हते. ते प्रचंड बहुमताने निवडून आले. आमच्या कामाचा परिणाम तो हाच. जनतेचे आपल्यावर प्रेम आहे, असा त्यांचा समज असून, आमच्या खोलीत जनसंपर्क कार्यालय हवे ही मागणीही त्यांचीच आहे.

४. आपले लिपिक म्हणाले, "बाई, तोंडी चालत नाही. छत्री दाबल्याचं बायकांकडून लेखी आणा." मी घरोघर फिरले. परंतु मत कोणाला दिले हे नवऱ्यालासुद्धा सांगायचे नाही, हा आमचा दुसरा धडा, आणि तोही सर्वांना पाठ आहे. कोपऱ्यावरच्या टेलरबाईंनी मलाच झापले, "ताई, शिकवलंत तुम्हीच आणि विचारताय पण तुम्हीच? शोभतं का?" जाऊबाईंना निकालानंतरच, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात विचारले होते. त्यांनी कूस बदलली. त्याच आठवड्यात त्या गेल्या. त्यांची खुर्ची खोलीत आहे. ती मात्र खुर्चीसारखी दिसते.

५. तरी विनंती की, येत्या निवडणुकीपर्यंत खोली आमच्याकडे राहू द्यावी. पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून नवी चित्रे काढून घेतली आहेत. बायकांना किटली ओळखता येईपर्यंत वेळ लागेल. खोली गेल्यास सराव होणार नाही, आणि त्या पुन्हा छत्रीच दाबतील. ही धमकी नसून इतिहास आहे.

मी स्वतः कोणते बटण दाबले, हे कृपया विचारू नये.

आपली नम्र, अद्याप खोलीतच असलेली,
(सही)
चिटणीस, आणि आता उरलेले मंडळ

दिनांक : नोटीस मिळाली त्याच्या पुढचा सोमवार

सोबत : पुठ्ठ्याचे यंत्र, एक. छत्रीच्या जागी भोक पडले आहे. पाहून परत करावे.