दक्षिणेकडे तोंड केलेली प्लेट

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याशी बोलायला बसले की पहिल्या वाक्यालाच माझा आवाज चढतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हळू बोल वं, शेजारी आयकून राह्यले." आज भांडायचं नाही. सांगायचं आहे, आणि तुला काही सांगायची सवय मला कधीच नव्हती, म्हणून जरा लांबून येते.

ते वर्ष तू विसरली नसशील. छत्तीसगड वेगळं झालं होतं आणि बालाघाटातले लोक म्हणायचे, वीज गेली तिकडे, आपल्या वाट्याला आले खांब. रोज संध्याकाळी लाइट जायची. तू दुपारीच कंदिलाची काच चुलीतल्या राखेनं घासून ठेवायचीस. बाबांना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि त्यांच्या ऑफिसातून अनुकंपेचं पत्र आलं होतं. घरातल्या एकाला नोकरी, म्हणजे मलाच, कारण घरात उरलो होतो आपण दोघीच. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आत होकार कळवायचा होता. आजोबा सरकारी नोकरीत, बाबा सरकारी नोकरीत. मी बाबांच्या खुर्चीवर बसणार हे तू त्यांचा तेरावा व्हायच्या आधीच ठरवून टाकलं होतंस. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच खूळ. बी.एस्सी. झाल्यावर जबलपूरला महिनाभर सौर दिव्यांचं काम शिकून आले होते आणि परत येताना एक सेट घेऊनच आले होते: एक प्लेट, एक बॅटरी, एक दिवा. बैहर, बिरसा, किरनापूर, सगळ्या बाजूंना हे दिवे लावायचे, असं मी तुला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं. तू लाखोळीची डाळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बापाची खुर्ची चालून आली अन् हे पोरगी ऊन इकतो म्हन्ते. ऊन का कोनी इकत घेते?"

तरी तू मला मुदत दिलीस. हे मी विसरलेले नाही. "दिवाळीपर्यंत कर तुह्या मनचं. एका तरी जागी तुहा दिवा लागला, तर मी खुर्चीचं नाव काढनार नाई. नाई लागला, तर गुमान सही करजो." मी हो म्हटलं. त्या क्षणी मला वाटलं होतं, दिवाळीपर्यंत निम्मा जिल्हा उजळून टाकीन.

प्लेट मी मागच्या खोलीच्या स्लॅबवर बसवली, दक्षिणेकडे तोंड करून. आपल्याकडे सूर्य वर्षातले बहुतेक महिने दक्षिणेला कललेला असतो, म्हणून प्लेटचं तोंड तिकडे. यात माझं काही नाही, सूर्याचा कारभार आहे. पण तू शिडीखाली उभी राहून वर पाहिलंस आणि तुझा चेहराच उतरला. "दक्षिणेकडे तोंड करून वर्सातून एकच दिवा लावतेत. धनतेरसले, यमाचा. तू रोज लावतो म्हन्ते?" मी हसले. तुला समजावून सांगायला हवं होतं, पण मी हसले आणि जबलपूरला शिकलेले चार शब्द तुझ्या तोंडावर फेकले. तू काही बोलली नाहीस. तू बोलली नाहीस की मी समजायची, पटलं.

त्यानंतरचा दीड महिना नुसता फजितीचा गेला. मी रोज सकाळच्या गाडीनं निघायची, कधी किरनापूर, कधी बिरसा, गावोगाव जाऊन लोकांना सांगायची की बालाघाटला आमच्या घरी या, दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. लोक यायचे, तुझ्या हातचा चहा घ्यायचे, दिवेलागणीला दिवा झकास लागायचा आणि तासाभरात डोळे मिटायला लागायचा. बैहरकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका मॅडम दोनदा आल्या. त्यांची बहीण आपल्याच गल्लीत राहायची. त्यांना सहा दिवे हवे होते, मुलींना संध्याकाळी अभ्यास करता यावा म्हणून. दोन्ही वेळा त्यांच्या हातातला कप रिकामा व्हायच्या आत दिवा पिवळा पडला. मी सेट देणाऱ्या दुकानदाराला खरमरीत पत्रं लिहिली. बॅटरीत पाणी घातलं, तिची टोकं घासली, दिवा बदलला. काही म्हणता काही उपयोग नाही. गल्लीतली माणसं विचारायची, "क्यों बेटी, सूरज आज छुट्टी पर है क्या?" तू आत भांडी वाजवत राहायचीस.

मग तो दिवस. दसरा होऊन गेला आहे. बिरसाची गाडी स्टँडवरच बिघडली आहे आणि मी अकराच्या सुमाराला घरी परत आले आहे. अंगणात शिडी लागलेली. वर तू. पदर खोचलेला, गुडघे दुखतात म्हणून एका हातानं कठडा धरलेला, आणि दुसऱ्या हातानं तू प्लेट फिरवते आहेस, पूर्वेकडे. खाली विटेचा टेकू देते आहेस. प्लेट जवळजवळ उभी राहिली आहे. मी खालून ओरडले तेव्हा तू दचकलीस आणि मला एवढंच वाटलं की ही आता पडणार. पण तू पडली नाहीस, आणि भीती ओसरल्यावर माझ्या अंगात नुसता राग उरला. तेव्हा मला उमगलं: मी घराबाहेर पडले की तू रोज वर चढत होतीस. मी यायच्या आत पुन्हा चढून प्लेट होती तशी करत होतीस. साठीला आलेली बाई, दिवसातून दोनदा ती बांबूची शिडी! ते मला तेव्हा दिसलंच नाही. मला दिसले दीड महिन्याचे हेलपाटे. मी जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते, कारण नंतर आपण दोघींनीही ते कधी उच्चारलं नाही. "तुले मी त्या खुर्चीवर बसावं वाटते, म्हनून तू मुद्दाम करून राह्यली. बाबा असते तर त्यायले तुही लाज वाटली असती."

तू खाली उतरलीस. सावकाश, एकेक पायरी. सरळ स्वयंपाकघरात गेलीस, डाळ चढवलीस आणि माझ्याकडे पाठ करून बोललीस. "दवाखान्यात तुह्या बाबाची खाट दक्षिणेकडे पाय होतीन अशी लावली होती. चार दिवस मी पाहून राह्यली होती. नर्सबाईले म्हनावं, जरा फिरवून द्या वं. पन लाज वाटली. शिकेल पोरगी संग होती, ते हसन म्हनून बोललो नाई." डाळीला उकळी आली, तू झाकण बाजूला केलंस. "तेव्हा बोललो नाई. आता घरात एकटी तूच उरली. म्हनून चढतो वरतं."

बाबांचा आजार काय होता ते मला माहीत होतं, खाट कुठल्याही दिशेला असती तरी ते राहिले नसते. हे मी तुला तेव्हाही सांगितलं नाही. मी रागात होते, आणि आपला राग रास्त वाटत असला की माणूस फार उदार होत नाही. तू एवढंच म्हणालीस, "आता नाई चढत. तुहा यम तू पाहून घे." आणि खरंच चढली नाहीस. मी खात्री करायला स्लॅबवर खडूनं खूण करून ठेवली होती, हेही आज सांगून टाकते. ती प्लेट खुणेवरून तसूभरही हलली नाही.

आणि चार दिवसांनीही दिवा तासाभरातच मंद झाला.

हे तुला माहीत नाही, आई. तू देवाजवळ बसली होतीस, तुझं लक्ष नव्हतं, आणि मी घाईनं दिवा बंद करून कंदील लावला. दुसऱ्या दिवशी तू गुजरीला भाजी आणायला गेलीस तेव्हा मी मीटर घेऊन बसले. वर प्लेटजवळ मोजलं तर वीज भरपूर. खाली बॅटरीजवळ मोजलं तर जेमतेम. मधे काय होतं? वायर. स्लॅबवरून भिंतीवरून फिरवत पुढच्या खोलीपर्यंत आणलेली लांबलचक वायर, आणि ती दाराच्या घंटीला लावतात तसली बारीक. जबलपूरला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की लांब न्यायची असेल तर जाड वायर घ्या. मी हातात होती ती लावली होती. तू प्लेट फिरवायचीस त्यानं थोडी वीज कमी भरत असेल, नाही असं नाही, पण दिवा मंद पडत होता तो माझ्या वायरीमुळे. तू एकदाही वर चढली नसतीस तरी तो तसाच मंद पडला असता. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती मी. त्याच दुपारी बाजारात जाऊन जाड वायर आणली, बदलली, आणि जुनी तू परत यायच्या आत भंगारवाल्याला देऊन टाकली.

सांगणार होते. जेवताना सांगू म्हटलं, मग सकाळी सांगू म्हटलं. सकाळी तू बोलत नव्हतीस, मीही बोलले नाही. आणि त्या दिवशी संध्याकाळी मॅडम आल्या, त्या दिव्यासाठी नव्हे, नकार सांगायला. दारातूनच तुला हाक मारून म्हणाल्या, "बहनजी, बुरा मत मानना. दो बार देख लिया. घंटे भर में बैठ जाती है आपकी बत्ती. बच्चियों का सवाल है." दिवाळी दहा दिवसांवर आली होती. बाबांच्या ऑफिसचं पत्र देवघराच्या फळीवर होतं, तूच ठेवलेलं. तुला गप्प बसायचं होतं, बस्स. तू गप्प बसली असतीस तर मी त्या खुर्चीवर बसले असते आणि तुझं सगळं मनासारखं झालं असतं.

तू कणकेचे हात घेऊन बाहेर आलीस. "मॅडम, बत्ती में खोट नहीं है. मैंच बिगाडती थी. ये घर में नहीं रहती तो मैं ऊपर जाके प्लेट घुमा देती थी. दक्षिण का डर लगता था मेरे को. लडकी का काम एकदम पक्का है. बैठो आप, आज देखो." तुझं हिंदी तसंच, निम्मं मराठी. मॅडम आधी चकित झाल्या, मग खळखळून हसल्या, मग बसल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, "साखर किती घालू?" मॅडम दोन तास बसल्या. दिवा जराही हलला नाही. तुझ्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला तिथे उभं राहवेना.

सहा दिवे लागले. तू शब्द पाळलास, पत्र फळीवरून काढून ट्रंकेत ठेवलंस आणि खुर्चीचं नाव पुन्हा काढलं नाहीस. शिवाय माझ्याबरोबर गावोगाव फिरायला लागलीस. किरनापूरच्या बसमध्ये खिडकीशी बसून, गावात कुणाच्या तरी ओसरीवर तू सुरू करायचीस, "माह्यासारखं करू नका बाई, म्या येडीनं दीड महिना पोरीचा दिवा बुजवला." बाया हसायच्या, त्यांची भीती जायची, दक्षिणेकडे तोंड करून प्लेट बसायची. जे मी तासभर बोलून जमवू शकत नव्हते, ते तू स्वतःला वेडी म्हणवून घेऊन करायचीस. सगळ्या तालुक्यात तू ‘प्लेट फिरवणारी बाई’ झालीस. तुझ्या तेराव्यालासुद्धा मामीनं तीच गोष्ट काढली आणि मंडळी रडता रडता हसली. मीही हसले. तू गेल्यावर ती गोष्ट मी सांगू लागले. आजवर किती घरी सांगितली असेल, देव जाणे. माझा निम्मा धंदा त्या गोष्टीवर उभा आहे.

आज किरनापूरला एका म्हातारीनं तोच हट्ट धरला, प्लेट पूर्वेकडे कर. मी तुझी गोष्ट सांगितली. म्हातारी हसून तयार झाली. तिची नात कॉलेजात शिकते, ती शिडी धरून उभी होती. तिनं विचारलं, "पर आंटी, सिर्फ घुमाने से इतना फर्क पडता है क्या?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, तेव्हाच्या बॅटऱ्या तशाच होत्या. तिनं मान हलवली, पण तिला पटलेलं नव्हतं आणि ते मला दिसलं. घरी येईपर्यंत बसमध्ये माझं मन लागलं नाही.

उद्या तिथलं उरलेलं काम करायला जायचं आहे. जाईन तेव्हा आधी त्या दोघींना समोर बसवीन आणि गोष्ट पहिल्यापासून सांगेन, वायरीसकट. यापुढे जिथे जिथे सांगेन तिथे तशीच सांगेन. लोक मला हसले तर हसू देत, काम काही थांबत नाही. हा कागद कामाच्या वहीत राहील, तो पाठवायला पत्ता नाही. पण एक गोष्ट त्या म्हातारीला आणि तिच्या नातीला सांगायची नाही, ती फक्त तुझी आहे.

शेवटच्या आजारात तू एकदा मला विचारलं होतंस, "माह्याच्यानं लय नुकसान झालं न वं तुहं तेव्हा?" मी तुझी चादर सारखी करत होते. तेव्हा तरी सांगता आलं असतं, खोलीत आपण दोघीच होतो. मी म्हटलं, "जाऊ दे आता, आई." माफ केल्यासारखं म्हटलं.