हिरवळीवरच्या नवव्या माणसाबद्दल

प्रति,
मा. प्रमुख,
वेळापत्रक व वाहिनी-ओळख विभाग,
ब्रॅकन टेलिव्हिजन, मँचेस्टर

अर्जदार : क्लेमेंट हॅसलम, वय ७३, निवृत्त भूगोल शिक्षक, चिटणीस, ओस्वॉल्डबेक बोलिंग क्लब, लँकशर

विषय : आपल्या वाहिनीच्या 'किटली' या ओळखफितीतील एक माणूस बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज व आपली चार उत्तरे, पैकी तीन छापील.

महोदया,

१. एक कार्यक्रम संपून दुसरा सुरू होण्याआधी आपल्या वाहिनीवर वीस सेकंदांची फीत दाखवतात आणि तिच्यावर निवेदकाचा आवाज येतो. आपल्या कार्यालयात तिला ओळखफीत म्हणतात. रोज घरात येणाऱ्या वाहिनीला दिवसातून चाळीस वेळा स्वतःची ओळख का करून द्यावी लागते, हा प्रश्न मी इथे उपस्थित करत नाही. शेजारचे गृहस्थ असे करू लागले तर आम्ही त्यांच्या मुलीला फोन करतो, एवढेच नमूद करतो.

२. 'किटली' या फितीत आमच्या क्लबचे आठ सदस्य, आम्ही जिच्यावर लाकडी चेंडू घरंगळवतो त्या हिरवळीच्या कडेने गोल उभे राहून चहाची किटली हातोहात पुढे देतात. कॅमेरा वर वर जातो, माणसे लहान होत जातात आणि आठ माणसांचे आपल्या बोधचिन्हातले आठ ठिपके होतात. मग निवेदिका म्हणते, "ब्रॅकन. यात सगळे आले." वस्तुस्थिती अशी की सगळे आलेले नाहीत. आम्ही नऊ होतो.

३. चित्रीकरण तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात झाले. आपल्या दिग्दर्शिका कु. टॅम्सिन यांनी आम्हाला उभे केले, मोजले, पुन्हा मोजले. पुढचे बोलणे जसे आठवते तसे देतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे.

"देवमाणसं आहात तुम्ही सगळी! फक्त एक बारीकशी अडचण झाली. ठिपके आठ, तुम्ही नऊ. कुणी एक जण जरा बाजूला थांबला तर काही हरकत?"

"माझी काही हरकत नाही," एम्ब्रोज थ्रेलफॉल म्हणाला. "मला तसंही उन्हात उभं राहवत नाही."

ऊन नव्हते. लँकशरमध्ये त्या मे महिन्यात ऊन पाहिल्याचे कोणी सांगत नाही.

"अहो नको, मी थांबते ना!" आमच्या खजिनदार बेरिल एन्टविसल म्हणाल्या.

"छे छे बेरिल, तू नवीन टोपी घालून आलीस. उगाच का वाया घालवतेस?"

"खरंच चालेल ना तुला?"

"न चालायला काय झालं?"

"बरं मग, ठरलं तर," असे शेवटी कोणीतरी म्हणाले. तो कोणीतरी मी होतो. त्याच्यासाठी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर खुर्चीही मीच नेऊन ठेवली, आणि आपण फार समजूतदारपणा दाखवला असे समजून परत येऊन उभा राहिलो.

४. आपल्याही आजी-आजोबांच्या घरी अशीच रीत असणार. पहिल्या 'हरकत नाही'ला काही अर्थ नसतो. दुसऱ्यालाही नसतो. तिसऱ्यांदा विचारावे लागते, तेव्हा माणूस खरे बोलतो. त्या दिवशी ढग दाटून येत होते, कु. टॅम्सिन घाईत होत्या, आणि तिसऱ्यांदा कोणी विचारले नाही. आपण फितीत जी हिरवळ दाखवता ती एम्ब्रोजने एकतीस वर्षे राखली आहे. ती आली. तो राहिला.

५. आता वेळापत्रकाकडे वळतो. मी पस्तीस वर्षे नकाशे शिकवले, त्यामुळे आपली व्यूहरचना मला समजते. दोन लोकप्रिय कार्यक्रमांच्या मधे एक पडेल कार्यक्रम झोळीसारखा टांगायचा, म्हणजे लोक उठायचा कंटाळा करून तोही बघतात. समोरच्या वाहिनीवर खुनी सापडायच्या पाच मिनिटे आधी आपला खून पाडायचा. संध्याकाळी तरुण लोक बघतात म्हणून लाटांवर घसरणाऱ्यांची फीत, शनिवारी अग्निशामक दलाची. आणि दुपारी एक ते पाच म्हातारी माणसे बघतात, असे आपल्या पाहणीत आढळल्यामुळे तेव्हा आम्ही. रोज सात वेळा.

एम्ब्रोज गेल्या नोव्हेंबरपासून लाइमहर्स्ट वृद्धाश्रमात आहे. तिथल्या बैठकीच्या खोलीत टीव्ही नाश्त्यापासून ब्रॅकनवर लावलेला असतो, कारण रिमोट हरवला आहे आणि त्याबद्दल तक्रार करणे कोणाला बरे वाटत नाही. किटली फिरू लागली की एम्ब्रोज खुर्ची खिडकीकडे वळवतो. पक्षी बघतो म्हणतो. त्या खिडकीतून कचऱ्याचे डबे दिसतात.

६. माझ्या पूर्वीच्या अर्जांचा हिशेब असा :

पहिल्या अर्जात मी फीत बंद करण्याची विनंती केली. 'आमचा कार्यक्रम आपल्याला आवडला हे वाचून आनंद झाला,' असे उत्तर आले.

दुसऱ्या अर्जात मी पुरावा दिला. सतराव्या सेकंदाला डाव्या कोपऱ्यात एका टोपीचा पुसट काठ दिसतो, ती टोपी एम्ब्रोजची. नववा माणूस तिथे हजर होता, याची एवढीच एक खूण. आपल्या विभागाने चूक लक्षात आणून दिल्याबद्दल माझे आभार मानले आणि आठवड्याभरात तो काठ पुसून टाकला. सोबत ब्रॅकनचा मग पाठवला. त्यावर आठ ठिपके आहेत.

तिसऱ्या अर्जानंतर, म्हाताऱ्यांना त्रास नको म्हणून आपण फीत रात्री नऊनंतर हलवली. परंतु नऊनंतर आपल्याकडे खूनच असतात. विषप्रयोगाच्या मालिकेआधी आम्ही आठ जण हसत हसत किटली फिरवताना दिसलो. दुसऱ्या दिवशी बेरिलबाईंना पेढीतल्या मुलीने विचारले, "काय हो, शेवटी चहा कोण प्यालं?" सोमवारी फीत पुन्हा दुपारी आली.

चौथ्या अर्जाला मात्र हाताने लिहिलेले उत्तर आले. संबंधित व्यक्तीलाच विचारून निर्णय घेऊ, असे आपण कळवलेत. मला इतका आनंद झाला की मी ते उत्तर बेरिलबाईंना फोनवर वाचून दाखवले. मग आपण एम्ब्रोजला एक छापील पान पाठवलेत. त्यावर प्रश्न एकच : 'सदर फीत आहे तशी दाखवण्यास आपली हरकत आहे काय?' पुढे दोन चौकटी.

महोदया, आपण त्याला पुन्हा तेच विचारलेत.

७. मी त्याला जाब विचारायला गेलो.

"अरे, 'नाही'वर खूण का केलीस?"

"एवढ्या मोठ्या ठिकाणाहून पत्र आलं रे. बिचाऱ्या पोरी, त्यांना कशाला घोर लावायचा?"

"आणि तुला?"

"मला काय धाड भरलीय? तू बाकी बरा दिसतोस हं टीव्हीवर. पोट तेवढं आत घ्यायचं होतंस." मग म्हणाला, "उत्तरेकडची कड मी जरा जास्तच कापली होती. वरून दिसतं ते."

वरून दिसते हे त्याला माहीत आहे, म्हणजे तो खिडकीकडे वळण्याआधी बघतो.

८. नववा ठिपका बोधचिन्हात बसत नाही, हे आपण दोनदा कळवले आहे. आठ माणसांच्या वर्तुळात प्रेक्षकांना एकाहत्तर टक्के आपलेपणा वाटतो आणि नऊ माणसांच्या वर्तुळात चौसष्टच, हेही कळवले आहे. सात टक्के आपलेपणा एका माणसापायी घालवा असे मी म्हणत नाही. म्हणून आता माझी मागणी बदलली आहे. मला काढा आणि त्याला घ्या. ठिपके आठच राहतील. उंची आमची सारखी आहे, टोप्या एकाच दुकानातल्या आहेत. प्रेक्षकांच्या लक्षात येणार नाही. ज्याच्या यायला हवे त्याच्या येईल.

हे लवकर व्हावे. डॉक्टर तारीख सांगत नाहीत, परंतु आश्रमातल्या नाताळच्या जेवणाच्या यादीत सगळ्यांची नावे शाईने लिहिली आहेत आणि त्याचे पेन्सिलीने. कृपया कॅमेरा दुपारी बाराच्या आत पाठवावा. तोपर्यंत त्याला आधाराशिवाय वीस सेकंद उभे राहता येते. मी घड्याळ लावून पाहिले आहे.

आपला, तूर्त आठांपैकी एक,
क्लेमेंट हॅसलम
ओस्वॉल्डबेक, दि. ९ ऑक्टोबर

सोबत :
१. उर्वरित सात सदस्यांच्या सह्या. (बेरिलबाईंनी दोनदा केली आहे.)
२. ब्रॅकनचा मग, न वापरलेला, परत.
३. एम्ब्रोज थ्रेलफॉल याचे संमतिपत्र जोडलेले नाही. कृपया त्याला विचारू नये. गाडी पाठवावी.